हयातीचा पाना

तांडापेठेत बाबनराव निखारे म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवायच्या. एक त्याची मिशी आणि दुसरा त्याचा पाना. मिशी इतकी भरघोस की वरचा ओठ कसा आहे हे त्याच्या बायकोलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आणि पाना म्हणजे रॅचेट. त्याच्या तोंडाला गोटी, म्हणजे नटाच्या मापाचं पोकळ पोलादी टोपण, लावायची, गोटी नटावर बसवायची आणि दांडा ओढायचा. ओढला की नट फिरतो, आणि दांडा उलटा आणला की नट जागेवर राहून नुसता कटकट आवाज होतो. गोटी न काढता कितीही अडचणीच्या जागी हात चालतो. ज्याच्याकडे चांगलं रॅचेट तो फिटर. बाकीचे नुसते नट पिळणारे, असं बाबनरावाचं मत होतं, आणि मतं त्याची फार नव्हती, तेव्हा हे एक त्यानं जपून ठेवलं होतं.

निखारे मूळचे कोष्टी. बाबनरावाचे वडील नानाजी घरातल्या खड्डामागावर पाय सोडून पस्तीस वर्षं बसले. दिवसभर त्या मागाचा खट्-खट् आवाज गल्लीत जायचा, आणि तो थांबला की शेजारच्या बाया ओळखायच्या, नानाजी जेवायला उठला. मग यंत्रमागाचं कापड आलं, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्रेसष्ट साली नानाजींनी एक दिवस कोणालाही न विचारता माग विकून टाकला. उमरेडच्या एका नातेवाइकानं लाकडं, फणी, धोटे, सगळं बैलगाडीत घालून नेलं. खड्डा उरला. तो नानाजींनी स्वतः माती टाकून बुजवला आणि त्यावर आपली खाट टाकली.

बाबनराव तेव्हा एका गॅरेजात मालकाच्या पान्यांवर काम करायचा. ते पाने असे झिजलेले की नट सुटण्याऐवजी बोटांची सालटी सुटायची. नानाजी एक दिवस गॅरेजात गेले, पोराचे हात पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन धरमपेठेतल्या एजन्सीत हजर झाले. पंजाबातल्या कुठल्याशा कंपनीचा माल ती एजन्सी विकायची. लाल पत्र्याची पेटी, आत ओळीनं गोट्या, मधोमध रॅचेट. नानाजींनी ते हातात घेऊन उलटसुलट फिरवलं, कानाशी नेलं, आणि हसले.

"बाबन, आईक. मागासारखंच बोलून राहिलं गा हे."

दुकानदारानं विचारलं, बिल कोणाच्या नावानं?

"बाबाच्या," बाबनराव म्हणाला. त्यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. त्या घरात साधं घमेलं आणलं तरी थोरल्याच्या नावानं यायचं. रेशनकार्ड, घरपट्टी, गणपतीची वर्गणी, सगळीकडे नानाजी बकारामजी निखारे. मग पेटीवर काय बाबनचं नाव घालायचं, बाप समोर उभा असताना? दुकानदारानं बिलावर लिहिलं आणि सोबतच्या हिरव्या कार्डावरही तेच नाव लिहिलं.

कार्ड हिंदीत होतं. घरी आल्यावर नानाजींनी ते वाचायला लावलं. "निर्माण-दोष अथवा टूट होने पर मूल क्रेता के जीवनकाल तक निःशुल्क बदला जाएगा."

"म्हंजे काय गा?"

"म्हंजे जिंदगीभराची गॅरंटी. मोडला तं कंपनी फुकट नवा देते."

"कोणाच्या जिंदगीभर?"

"आपल्या," बाबनराव म्हणाला.

इथंच सगळं फसलं, पण तेव्हा कोणाला कळणार? आपल्या म्हटलं की त्यात बाप येतो, लेक येतो, लेकाचं पोरगं येतं, दारातली शेळीसुद्धा येते. कंपनीच्या शब्दात मात्र एकच माणूस मावत होता. जीवनकाल हा शब्द ज्यानं कार्डावर बसवला त्याला बहुधा बाप नसावा, किंवा बापाच्या नावानं काही घ्यायची पाळी त्याच्यावर आली नसावी.

बाबनराव पाना घेऊन इतवारीतल्या भांडेवाल्यांच्या ओळीत गेला. तिथं नाव घालणारा एक म्हातारा बसायचा. घरात आलेल्या भांड्यावर नाव हवंच. नाव नसलेलं भांडं एकदा पंगतीला गेलं की परत येत नाही. म्हाताऱ्यानं छिन्नी उचलली आणि सवयीनं विचारलं, "लग्नाचं काय? नवरीचं नाव सांगा." बाबनरावानं पाना पुढं केला तेव्हा त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "याच्यावर घालू?" पोलाद कडक होतं, छिन्नीची दोनदा धार गेली, म्हातारा करवादला, पण दांड्याच्या एका बाजूला 'नानाजी' आणि दुसऱ्या बाजूला 'तांडापेठ' एवढं त्यानं कोरून दिलं. अक्षरं थोडी तिरकी आली. नानाजींना वाचता येत नव्हतं, तरी ते अंगठ्यानं ती अक्षरं चाचपून पाहायचे.

पुढं पंधरा-सोळा वर्षं त्या पान्यानं काय काय केलं ते सांगत बसलो तर बाबनरावाचीच सगळी जिंदगी सांगावी लागेल. ट्रकची इंजिनं उतरवली, हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या केल्या, कोराडीला वीज केंद्र उभं राहताना ठेकेदाराच्या हाताखाली राखेत लोळून पाइप जोडले. गोट्यांच्या कडा गोल झाल्या नाहीत. नटावर पाना कधी सटकला नाही. मिस्तरी लोक दांड्याला लांब पाइप लावून दोघं-दोघं लोंबकळतात. बाबनरावानं तसं कधी केलं नाही आणि कोणाला करू दिलं नाही. त्याचा पाना मागायला कोणी आलं की तो सरळ म्हणायचा, "बायको माग, पाना मागू नको." कुसुमावती, म्हणजे त्याची बायको, हे ऐकून दार आपटायची. खंडेनवमीला पाटावर पाना मांडला की नानाजी आधी त्याला हळद-कुंकू लावायचे, मग दोन-चार वेळा फिरवून कटकट ऐकायचे, आणि मगच नारळ फुटायचा.

अठ्ठ्याहत्तरची दिवाळी झाली आणि पाना मोडला. मोडला तोही काही मोठ्या कामात नाही. साध्या पंपाचं झाकण उघडताना आतून खट् झालं आणि दांडा दोन्हीकडे सैल फिरायला लागला. दात्यांत अडकणारं आतलं बोट तुटलं होतं. बाबनरावानं तो कानाशी नेला, हलवला. काही बोलेना.

वेळ वाईट होती. कोराडीचा एक संच जानेवारीच्या शेवटी मोठ्या दुरुस्तीसाठी बंद राहणार होता. ठेकेदार नत्थूजीला वीस फिटर हवे होते, आणि या खेपेला काम केलेल्यांची नावं कायम नोकरीसाठी वर जाणार, असं खुद्द तिथल्या साहेबानं सांगितलं होतं. बाबनराव बेचाळीस वर्षांचा. पुढची दुरुस्ती येईपर्यंत वय निघून जाणार. आयुष्यभर रोजंदारी केलेल्या माणसाला कायम या शब्दाचं काय वाटतं ते नोकरीवाल्याला सांगून कळायचं नाही. पण नत्थूजीची अट होती, हत्यारं स्वतःची आणि चांगली. मागच्या खेपेला एकाचं बाजारातलं हलकं रॅचेट सटकलं होतं आणि त्याचा पंजा कामातून गेला होता.

"बाबनराव, तुमाले मी आजच घेतो," नत्थूजी म्हणाला. "पन पाना दाखवा. पाना नाही तं नाव नाही. माह्यावरबी साहेब हाय."

सुटं रॅचेट कंपनी विकत नव्हती. घ्यायचा तर पुरा सेट, आणि तो आता बाबनरावाच्या आवाक्याच्या फार पलीकडे गेला होता. शेवटी कुसुमावतीनं ट्रंकेतल्या लुगड्यांखालून हिरवं कार्ड काढलं.

"हे पाहा ना. जिंदगीभर म्हणत होते न तुमी?"

धरमपेठेच्या एजन्सीत काउंटरवर आता चंपतराव नावाचा कारकून होता. काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, सरळ माणूस, मान खाली घालून काम करणारा. त्यानं पाना उघडून पाहिला, भिंगातून पाहिला.

"पाइप नाही लावला याले. साफ माल हाय. एवढा जपून वापरलेला मी नाही पाह्यला." मग कार्ड वाचलं. "नानाजी म्हंजे तुमीच?"

"माहा बाप."

चंपतरावानं मान वर केली. "हायेत?"

"हायेत ना. काहून?"

"मूल क्रेता म्हंजे ज्याच्या नावानं बिल तो मानूस. तो हयात असला तरच कंपनी बदलून देते. मले फारमावर लिहून द्यावं लागते, खरेदीदाराले प्रत्यक्ष पाह्यलं म्हणून. घेऊन या त्यायले."

नानाजी तेव्हा पंच्याहत्तरीला आले होते. सूत झाडून झाडून छातीत दमा बसला होता, आणि बुजवलेल्या खड्ड्यावरच्या त्या खाटेवरून ते फक्त मोरीपर्यंत उठायचे. बाबनरावाला सांगायचं जिवावर आलं. पण सांगितल्यावर म्हाताऱ्याला जी तरतरी आली ती पाहून कुसुमावती तोंडाला पदर लावून हसली. धुतलेलं धोतर, कोट, काळी टोपी. सायकल रिक्षात मधे दोनदा थांबून, खोकून, धरमपेठेत पोचल्यावर नानाजी पोराचा हात धरून पायऱ्या चढले आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"मीच नानाजी. जिता हावो. पाहून घे नीट."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. चंपतरावही हसला, पण त्यानं आधी खुर्ची दिली. फॉर्म भरला, अंगठा घेतला. मग मोडका पाना खोक्यात ठेवण्यासाठी हात पुढं केला.

"हा द्यावा लागते?" बाबनरावानं विचारलं.

"जुना पोचल्याबिगर नवा निघत नाही. कायदा हाय कंपनीचा. महिना धरा. नवा आला का मी कार्ड टाकतो. तवा एक अंगठा आनखी लागन. त्यायले पुन्हा नका आनू. फारम घरी न्या, अंगठा घेऊन या, मी तुमाले हायेत का म्हणून विचारीन अन् सही करीन. मिशीवाले फिटर, तुमच्यावर भरोसा हाय आपला."

नानाजींनी पाना शेवटचा हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि दिला.

घरी येताना रिक्षातली थंडी म्हाताऱ्याच्या छातीत भरली. तेव्हापासून ते उठलेच नाहीत.

आणि मग बाबनरावाच्या आयुष्यातला सगळ्यात लाजिरवाणा महिना सुरू झाला. रोज सकाळी उठला की तो आधी खाटेपाशी जायचा. "बाबा, कसं वाटून राहिलं?" सगळीच पोरं बापाला असं विचारतात. पण हा विचारायच्या आधी म्हाताऱ्याची छाती वरखाली होते का ते पाहून घ्यायचा. बाप जगावा असं त्याला वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण महिनाभर तरी जगावा, असंही वाटत होतं, आणि त्या 'महिनाभर तरी'ची त्याला इतकी शरम वाटायची की औषधाचा चमचा पुढं करताना तो बापाच्या डोळ्याला डोळा देत नसे. कधी नव्हे तो डॉक्टरला घरी घेऊन आला. कुसुमावतीला म्हणाला, दूध वाढव. शेजारी म्हणाले, बाबनसारखा लेक नाही. ते ऐकून तो बाहेर जाऊन बसायचा.

दर आठवड्याला सायकल हाणत धरमपेठेला जायचा. चंपतराव लांबूनच मान हलवायचा.

म्हाताऱ्यानं सगळं ओळखलं होतं. एका दुपारी बाबनराव छातीला तेल चोळत असताना नानाजी म्हणाले, "कायले डरते गा एवढा? तुहा पाना आल्याबिगर नाही मरत मी."

"तसं नोका बोलू बाबा. मले नाही पायजे पाना."

"पायजे ना. माग इकून घेतला हाय मी तो."

बाबनरावानं मान खाली घातली आणि चोळत राहिला. खरं म्हणजे त्याला त्या वेळी मोठ्यानं रडायचं होतं. पण बेचाळीस वर्षांच्या मिशीवाल्या माणसाला रडायला निमित्त लागतं, आणि बाप तर अजून बोलत होता.

मंगळवारी सकाळी नानाजी गेले. खोकला थांबला, कुसुमावतीला वाटलं डोळा लागला. सुटले बिचारे, असं गल्ली म्हणाली. बाबनरावानं खांदा दिला, अग्नी दिला, आणि त्या दिवशी तो जो रडला त्यात पान्याचा विचार एकदाही आला नाही. हे त्यानं नंतर मुद्दाम आठवून पाहिलं आणि त्याला जरासं बरं वाटलं.

सातव्या दिवशी पोस्टमननं कार्ड टाकलं. अंगणात भेटायला आलेली माणसं बसली होती. बाबनरावाचा चुलतभाऊ गुलाबचंद यानं ते हातात घेतलं आणि हळूच वाचून दाखवलं. माल आला आहे, फॉर्म न्यावा, अंगठा देऊन पाना घेऊन जावा. खाली चंपतरावाची सही.

गुलाबचंद मिलमध्ये होता आणि व्यवहारात हुशार समजला जायचा. त्यानं बाबनरावाला घरामागं नेलं.

"आजच जा. दहाव्याच्या आधी जा. सध्या तुह्या डोक्यावर केस हायेत, मिशी हाय. कोनाले कळते? फारम आन, अंगठा मी देतो. अंगठ्यावर काय नाव लिहिलं राह्यते?"

"बाबा गेले हायेत गुलाब."

"हो, गेले. पन कार्ड पाठवलं तवा कंपनीले मालूम होतं का? पाना त्यायच्याच नावानं आला हाय. हक्काचा हाय. पुढच्या सोमवारी नत्थूजीची गाडी निंगते कोराडीले. पाहा बा तू."

तो दिवस तसाच गेला. रात्रभर विचार करून आठव्या दिवशी बाबनराव अनवाणी सायकलवर बसला. रस्ताभर एकच वाक्य घोकत होता. चंपतराव विचारणार, हायेत का? आपण म्हणायचं, हायेत. तीन अक्षरं. हिंदीत, मराठीत, वऱ्हाडीत, कशातही सोपी. एजन्सीच्या दारावर कुलूप होतं आणि पुठ्ठा लटकत होता: मालाची मोजणी चालू असल्यामुळे दोन दिवस दुकान बंद. बाबनराव पायरीवर बसला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं झालं. मग सोमवार आठवला आणि तो बोटांवर दिवस मोजायला लागला.

दहाव्याला कन्हान नदीवर सगळा गोतावळा जमला. न्हावी वाट पाहत बसला होता. बाबनराव त्याच्यापुढं बसला तेव्हा क्षणभर त्याच्या मनात आलं, म्हणावं, थांब दोन दिवस. पण कोणापुढं म्हणणार? चुलते, मामा, आत्या, सगळे भोवती उभे. बाप मेल्यावर केस न देणारा लेक तांडापेठेत अजून जन्माला यायचा होता. गुलाबचंदानं लांबून त्याच्याकडे पाहिलं आणि नजर पाण्याकडे वळवली. वस्तरा फिरला. डोकं गेलं, दाढी गेली, आणि वीस वर्षांनी मिशी गेली. पिंड ठेवला, कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची काही इच्छा राहिली नव्हती. बाबनरावाला ते पटलं नाही.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तो पुन्हा निघाला. कुसुमावतीनं डोक्याकडे पाहिलं, आत गेली, आणि खुंटीवरची नानाजींची काळी टोपी आणून दिली.

"हे घाला. थंडी हाय," ती म्हणाली. आरशात पाहायचं बाबनरावाला सुचलं नाही. टोपी कानापर्यंत ओढली, डोकं झाकलं गेलं, आणि सगळंच झाकलं गेलं असं तो समजून चालला.

दुकानात गर्दी नव्हती. चंपतराव कागदात डोकं घालून बसला होता. हाकेचा आवाज ओळखून त्यानं वर न पाहताच खालच्या खणातून खोकं काढलं. "बसा बाबनराव. आला बापा तुमचा पाना एकदाचा. पाहून घ्या."

बाबनरावानं खोकं उघडलं. तेलकट कागदात गुंडाळलेला, चकचकीत, कोरा. त्यानं हातात घेतला, फिरवला. कटकट कटकट. जुन्यापेक्षा बारीक आवाज होता, पण खरा होता. वजन तेच, पकड तीच. हाताला लगेच ओळख पटली. त्या एका क्षणात त्यानं सोमवारची बस पाहिली, कोराडीच्या फाटकावर आपलं नाव पाहिलं, महिन्याच्या महिन्याला मिळणारं पाकीट कुसुमावतीच्या हातात पाहिलं.

चंपतराव फॉर्म भरत होता. "तारीख टाकली. पान्याचा नंबर टाकला. हा घ्या, घरून अंगठा घेऊन या. मी सही आत्ताच करून ठेवतो, फुकट खेपा नको तुमाले." पेन टेकवून, नियमाचं म्हणून, त्यानं विचारलं, "नानाजी हायेत ना बरे?"

बाबनराव तयार होता. ती तीन अक्षरं त्यानं चार दिवसांत हजारदा घोकली होती. त्यानं तोंड उघडलं. आणि उत्तर का येत नाही म्हणून चंपतरावानं मान वर केली.

टोपीकडे त्यानं पाहिलंच नाही. तो बाबनरावाच्या नाकाखाली पाहत राहिला. तिथं पांढरा, कोवळा, वीस वर्षं ऊन न लागलेला ओठ उघडा पडला होता. चंपतरावाचा हात नकळत स्वतःच्या मिशीकडे गेला.

"कधी?" त्यानं हळू विचारलं.

"मागच्या मंगळवारी."

चंपतरावानं पेनाला टोपण लावलं.

"एका आठवड्यानं हुकलं," तो म्हणाला. "कार्ड भेटल्याबरोबर तुमी आले असते..."

"आलो होतो. दुकान बंद होतं."

चंपतरावानं डोळे मिटले. मोजणी त्यानंच केली होती. मागं काचेच्या खोलीत शेठ टेलिफोनवर बोलत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून तो काउंटरवर वाकला. "बाबनराव, मले कळलं नसतं तं मी देऊन देलं असतं. देवाशपथ. आता मी कसं लिहू, हयात असल्याची खात्री केली म्हणून? कंपनीचा मानूस दर तीन महिन्यांनी घरोघर जाऊन पाह्यते. माह्या दोन पोरी हायेत. मी आंधळा असतो तं बरं झालं असतं."

"चंपतराव, कार्डावर जिंदगीभर लिहिलं होतं."

"त्यायच्या," चंपतराव म्हणाला. "त्यायच्या जिंदगीभर."

बाबनरावानं हातातला पाना आणखी एकदा फिरवला. मग काउंटरवर ठेवला आणि बोटानं हलकेच पुढं सरकवला. भांडायचं कोणाशी? समोरचा माणूस खोटा नव्हता. कार्ड खोटं नव्हतं. पाना तर अजिबात खोटा नव्हता. इतकी खरी माणसं आणि खऱ्या वस्तू भोवती असताना आपलं सगळं कसं गेलं, ते त्याला कळेना.

"मंग आमचा जुना वापस द्या," तो म्हणाला.

"काय करता त्याचं? मोडका हाय."

"राहू द्या मोडका. त्याच्यावर बाबाचं नाव हाय."

चंपतरावानं पेन बाजूला ठेवलं. "जुना माल कंपनीत पोचला का आधी नाव-निशान घासून काढते," तो म्हणाला. "मंग भट्टीत टाकते. तो महिन्याआधीच गेला असन बाबनराव."

बाबनरावानं मान हलवली. कळलं अशी हलवली. चंपतरावानं नवा पाना पुन्हा तेलकट कागदात गुंडाळला, खोक्यात घातला आणि खोकं खणात ठेवलं. हिरवं कार्ड परत द्यायला हात पुढं केला, पण बाबनराव पायऱ्या उतरून गेला होता.

घरी पोचायला त्याला दुपार झाली. सीताबर्डीपासून पुढं तो सायकल हातात धरून चालत आला. एका हातानं हँडल आणि दुसरा हात तोंडावर, जसा दात दुखणारा माणूस धरतो तसा. अंगणात कुसुमावती उभी होती. तेराव्याच्या सामानाची यादी करत गुलाबचंद बसला होता, तोही उठला.

बाबनरावानं टोपी काढली, झटकली, आणि नानाजींच्या खुंटीवर अडकवली. खाट आता भिंतीला उभी लावली होती आणि खड्ड्याच्या जागची जमीन जराशी खचलेली दिसत होती.

"आनला?" कुसुमावतीनं विचारलं.

"दुकान बंद होतं," बाबनराव म्हणाला.

कुसुमावतीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या उघड्या ओठाकडे तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मग ती पाण्याचा तांब्या आणायला वळली.

"मंग उद्या जाजा," ती म्हणाली. "सोमवारले येळ हाय अजून."

"हो," बाबनराव म्हणाला.